नळ्यांचा गुंता: अतिदक्षता विभागातल्या एका सुधारणेच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

अतिदक्षता विभागातल्या आम्हा परिचारिकांनी रोजच्या कामातली एक अडचण स्वतः शोधून सोडवायची, या प्रकल्पावर मेट्रन मॅडमची सही मिळाली. अटी अशा: जादा माणूस मिळणार नाही, रुग्णाला जोडलेल्या कुठल्याही वस्तूत परस्पर बदल करायचा नाही, आणि संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांनी पाहिल्याशिवाय काहीही खाटेपर्यंत न्यायचं नाही. सगळ्या मान्य. आमच्याकडून एकच अट घातली, ती म्हणजे आठवड्यातला एक तास ड्युटीतलाच धरायचा. पाळी संपल्यावर दमलेल्या डोक्यानं थांबून नवं काही शोधा, असं सांगणारे पुष्कळ असतात. मॅडम हसल्या, पण लिहून दिलं.

कुठलीही कल्पना मनात धरून सुरुवात करायची नाही, हे आधीच ठरलंय. नर्सिंग स्टेशनवर एक वही ठेवली. पाळीत ज्यानं-त्यानं जे काही 'चालवून घेतलं', ते एका ओळीत लिहायचं. नाव घालायचं नाही आणि कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी जाड मार्करनं 'जुगाड' लिहून ठेवलंय. राहू दे.

१९ जानेवारी

वही अपेक्षेपेक्षा लवकर भरतेय. काही ओळी अशा: बेल खाली पडते म्हणून बँडेजनं कठड्याला बांधली. औषध सोडणाऱ्या पंपाची बॅटरी टिकत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड शेजारच्या खाटेवरून ओढला. रुग्णाचा हात सुजलाय, बेलचं बटण दाबता येत नाही, म्हणून स्टीलची वाटी आणि चमचा हाताशी ठेवला. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली दिला. कुठली सलाईन कुठल्या पोर्टला (नळीत औषध घालायच्या तोंडाला), ते मायक्रोपोरच्या (कागदी चिकटपट्टीच्या) तुकड्यावर लिहून नळीला गुंडाळलं.

ही शेवटची ओळ वेगवेगळ्या अक्षरांत परत परत आली आहे.

पाण्याच्या हातमोज्यावर वेगळी खूण केली. ही युक्ती एका पिढीनं दुसरीला शिकवलेली, आणि ती चुकीची आहे. मोज्याचा फुगा एवढासा, टाचेचा भार त्याच्यावरच येतो. दाबव्रणांविषयीच्या (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांविषयीच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पाण्याचे हातमोजे आणि गोल कड्यांच्या गाद्या वापरू नका असं स्पष्ट आहे. उशी पोटरीखाली लांबीनं द्यायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, टाच पूर्ण अधांतरी राहिली पाहिजे. त्यासाठी प्रकल्प नको, उद्याच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवतो तेव्हा, दाखवून टाकू.

पण यातून एक गोष्ट कळली. वहीतलं सगळंच उचलून धरण्यासारखं नसणार. परिचारिकेची युक्ती म्हणजे रुग्णाच्या भल्याचीच, असं गृहीत धरून चालणार नाही.

२३ जानेवारी

दुपारच्या तासात अमेरिकी संशोधक अनिता टकर आणि एमी एडमंडसन यांच्या २००३ सालच्या अभ्यासाबद्दल बोललो. त्यांनी नऊ रुग्णालयांतल्या २६ परिचारिकांच्या मागे राहून त्यांचं काम पाहिलं. निष्कर्ष आमच्या वहीत दिसतो तोच. अडचण आली की परिचारिका तिथल्या तिथे मार्ग काढते, रुग्णाचं काम होतं, आणि अडचण जिथून आली तिथे कुणालाच काही कळत नाही. पुढच्या पाळीला तीच अडचण, तोच जुगाड. गंमत अशी की ज्या सिस्टर हे सगळ्यात सफाईनं करतात, त्यांचंच आपण कौतुक करतो. 'त्यांच्या पाळीला कधी तक्रार नसते.' तक्रार नसते कारण ती त्यांनी गिळलेली असते.

वहीचा उपयोग त्याचसाठी. वस्तू कमी पडली तर ती ओळ स्टोअरकडे जाईल, बिघडलेलं यंत्र बायोमेडिकलकडे. जे कुणाच्याच खात्यात बसत नाही आणि रोज घडतं, त्यातलं एक आपण उचलायचं.

एक्स्टेन्शन बोर्डाची ओळ आजच बायोमेडिकलला पाठवली. ती थांबण्यासारखी नव्हती.

२ फेब्रुवारी

विषय ठरला: नळ्या.

ठरवण्याआधी हँडओव्हरच्या वेळी खाटेशी नुसतं उभं राहून पाहिलं. रुग्णाच्या मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), तिला तीन तोंडं, प्रत्येकाला थ्री-वे (तीन वाटांची तोटी). वर पंपांची उतरंड: नॉरअॅड (नॉरअॅड्रेनलिन, रक्तदाब वाढवणारं औषध), झोपेचं औषध, इन्शुलिन, पोटॅशियम घातलेली सलाईन. मनगटात आर्टिरियल लाइन (धमनीतली नळी). नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब, खाली लघवीचं कॅथेटर आणि ड्रेन. पंपापासून निघालेल्या नळ्या उशीवरून येतात, खांद्याखाली जातात, चादरीच्या घडीत एकमेकींत मिसळतात आणि मानेपाशी पुन्हा वर येतात. सगळ्या पारदर्शक, सगळ्या एकसारख्या. नव्या पाळीच्या सिस्टरांनी पंपाखालची नळी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि बोटं सरकवत मानेपर्यंत नेली. खांद्याशी नळी बदलली. मग पुन्हा वरून. यात कुणाचीच चूक नाही. हेच करायला हवं आणि त्या तेच करत होत्या. पण दर वेळी शून्यापासून.

नळी चुकली तर काय होतं, हे नव्या मुलींसाठी लिहून ठेवते. नॉरअॅड तासाला अगदी थोड्या मिलिलिटरनं जात असतं. म्हणजे पोर्टपासून शिरेपर्यंतच्या नळीत औषध भरून उभं असतं. त्याच नळीला कुणी दुसरं इंजेक्शन दिलं, किंवा नुसतं फ्लश केलं (सलाईन ढकलून नळी धुतली), तर ते साठलेलं औषध एका दमात आत जातं. रक्तदाब मॉनिटरवर आपल्या डोळ्यांदेखत उसळतो. उलट बाजूनं, सोडिबायकार्ब (सोडियम बायकार्बोनेट) त्याच नळीतून दिलं तर नॉरअॅड निकामी होतं. फेनिटॉइन हे फिट्सचं औषध डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या सलाईनच्या) नळीत गेलं तर त्याचा साका बसतो. आणि आर्टिरियल लाइनला शिरेची समजून औषध दिलं तर हातच धोक्यात.

रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं नळ्यांच्या चुकीच्या जोडण्यांबद्दल २००६ सालीच इशारा काढला होता. जोडण्याआधी नळीचा माग रुग्णापासून तिच्या उगमापर्यंत काढा, पाळी बदलताना पुन्हा काढा. नंतर आयएसओ ८०३६९ या आंतरराष्ट्रीय मानकांनी जोडण्यांचे आकारच वेगळे केले, म्हणजे अन्ननलिकेची नळी शिरेच्या नळीत बसूच नये. उत्तम उपाय, कारण तिथे कुणाच्या लक्षावर काहीच अवलंबून राहत नाही. पण आमचा गुंता त्याच्या अलीकडचा आहे. आमच्या नळ्या सगळ्या शिरेच्याच, सगळ्यांची तोंडं सारखीच. प्रश्न एवढाच की कुठलीत काय आहे.

११ फेब्रुवारी

संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर रजेवर आहेत, त्यामुळे काम थांबलंय. तासाचा उपयोग वाचनासाठी केला. प्रत्येकीनं एका परिचारिकेची गोष्ट शोधून आणायची होती.

इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयातल्या सिस्टर जीन वॉर्ड. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्या अंगणात उन्हात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं: अंगावरचा पिवळेपणा फिका पडलेला, फक्त चादरीचा कोपरा जिथे होता तो त्रिकोण गडद पिवळा. आज नवजात कक्षात काविळीच्या बाळांवर जे निळे दिवे लावतात त्यांची सुरुवात तिथली. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला, त्याच्या तीन लेखकांत वॉर्ड नाहीत. यावर आमच्याकडे बराच वेळ चर्चा झाली, ती इथे लिहीत नाही.

डेन्मार्कच्या एलिस सोरेन्सन. बहिणीच्या पोटावर शस्त्रक्रियेनं शौचाची वाट काढलेली, आणि ती घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिसनी त्वचेला चिकटणाऱ्या, वापरून टाकायच्या पिशवीची कल्पना काढली आणि प्लास्टिकचं काम करणाऱ्या आगे लुई-हान्सन यांच्याकडे नेली. त्यांना आधी त्यात काही राम वाटला नाही. त्यांची पत्नी योहान स्वतः परिचारिका होती, तिनं त्यांना वळवलं. १९५७ मध्ये त्यातून कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली.

अमेरिकेत बफेलोच्या अनिता डॉर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणीबाणीची गाडी बनवली. हृदय थांबलेल्या रुग्णासाठी सामान गोळा करायला लागणारा वेळ त्यांना छळत होता. सहकाऱ्यांना विचारून यादी केली, कुठली वस्तू आधी लागते त्या क्रमानं मांडली आणि नवऱ्याच्या मदतीनं घराच्या तळघरात लाल रंगाची लाकडी गाडी तयार केली. आज आपल्या वॉर्डातली क्रॅश कार्ट ओढताना कुणाच्या मनात हे येत नाही.

आणि वस्तू नसलेलीही नवी गोष्ट असते, हे ब्रदरांनी (आमच्यातल्या पुरुष परिचारकांनी) बरोबर आठवण करून दिलं. डोरीन नॉर्टन यांची दाबव्रणाचा धोका मोजणारी पट्टी १९६२ ची. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची १९८७ ची. सहा मुद्दे, ६ ते २३ गुण, गुण जितके कमी तितका धोका जास्त. कागदाचा एक तुकडाच की. पण तो नव्या सिस्टरांच्या हातात दिला तर त्या जुन्या सिस्टरांसारखं पाहू लागतात.

माझ्या लेखी या सगळ्यांत एक धागा आहे. प्रत्येकीनं जे पाहिलं ते आपल्या पाळीबाहेर काढलं. वॉर्ड बाईंनी बाळ उघडून दाखवलं नसतं तर त्यांच्या वॉर्डातली बाळं उन्हात बरी दिसत राहिली असती, एवढंच.

१८ फेब्रुवारी

पहिला मसुदा: रंग. दोन बहिणी, टेरी बार्टन-सॅलिनास आणि गेल बार्टन-हे, दोघी परिचारिका, यांनी अमेरिकेत रंगीत नळ्यांचं पेटंट घेतल्याचं वाचून उत्साह आला होता. रंगीत नळ्या आपल्याकडे नाहीत, म्हणून रंगीत चिकटपट्टी. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर अजून रजेवर, म्हणून खाटेवर नाही, टेबलावर मांडलेल्या नळ्यांवर, फक्त दिवसपाळीत, एकाच सिस्टरांच्या हातून.

दुपारी भूलतज्ज्ञ डॉक्टर राउंडला आले आणि थबकले. नॉरअॅडला लाल पट्टी लावलेली. "लाल म्हणजे आमच्याकडे स्नायू शिथिल करणारं औषध," ते म्हणाले. त्यांचं खरं आहे. भूलशास्त्रात सिरिंजच्या लेबलांना आयएसओ २६८२५ प्रमाणे रंग ठरलेले आहेत: लाल स्नायू शिथिल करणाऱ्यांना, निळा अफूवर्गीय वेदनाशामकांना, पिवळा भूल सुरू करणाऱ्यांना, नारिंगी झोप आणणाऱ्या बेंझोडायझेपीनना, जांभळा रक्तदाब वाढवणाऱ्यांना. शस्त्रक्रियागृहातून आलेला रुग्ण त्यांच्या रंगांत येणार आणि इथे आमच्या रंगांत बदलणार. एका गुंत्यातून दुसरा.

शिवाय रंगाला मर्यादा असतात. रात्री दिवे मंद केले की निळा आणि जांभळा ओळखू येत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष थोडे नसतात आणि आपल्याकडे ब्रदर आहेत, डॉक्टर आहेत. सगळ्यात मोठी भीती म्हणजे रंग पाहिला की माणूस नाव वाचत नाही.

रंग बाद केला नाही, मागच्या बाकावर बसवला. आधी मोठ्या अक्षरांत औषधाचं नाव. रंग वापरायचाच तर मानकातला, आणि तोही फक्त पट्टीच्या काठाला.

२१ फेब्रुवारी

संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर परत आल्या. वहीतला मायक्रोपोर पाहून त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं: "बाई गं, पोर्टवर चिकटपट्टी म्हणजे जंतूंना बसायला पाट." पोर्ट दर वेळी स्पिरिटनं घासायचा असतो. पट्टी तिथे असेल तर घासता येत नाही, तिच्या कडांना मळ धरतो, आणि नळीला तडा गेला तर तो पट्टीखाली लपतो. स्पिरिट लागलं की शाई पसरते हे वेगळंच. पसरलेलं 'नॉरअॅड' आणि पसरलेलं 'अॅड्रेन' यांत फारसा फरक राहत नाही.

त्यांच्याशी बसून लेबलाचा आकार ठरला. नळीभोवती गुंडाळायचं नाही. मध्ये घडी घालून दोन्ही चिकट बाजू एकमेकींना भिडवायच्या, म्हणजे झेंड्यासारखं बाहेर राहतं. पोर्टपासून वीतभर दूर. दोन्ही टोकांना एकेक, पंपाखाली आणि रुग्णाजवळ. छापलेली नावं, हातानं लिहायची फक्त तारीख आणि वेळ.

तारखेची सूचना त्यांचीच. सलाईनचा सेट (नळी) विनाकारण ९६ तासांच्या आत बदलू नये आणि सात दिवसांपलीकडे ठेवू नये, असं अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०११ च्या सूचनांत आहे. स्निग्ध द्रावणाचा किंवा रक्ताचा सेट मात्र २४ तासांच्या आत, प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाचा त्याहून लवकर. कुठला सेट कधी लावला हे आजवर फक्त चार्टात असायचं, आता नळीवरच दिसेल. ज्यासाठी लेबल काढलं त्याच्याशी याचा संबंध नाही, पण फायदा पदरात पडतोय तर घ्यावा.

२७ फेब्रुवारी

आज वहीतून दुसरीच मागणी आली. औषधं देताना कुणी मध्ये बोलू नये म्हणून लाल अॅप्रन घालावा. मागणीचं कारण खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे वैद्यकीय चुकांचं प्रमाण १२.७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं होतं. पण अशा अॅप्रनची चाचणी त्यांनीच २०१७ साली केली. व्यत्यय कमी झाले, आणि परिचारिकांनी सांगितलं की अंगाला उकडतं, चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो. पुढे चालू ठेवावं असं निम्म्याहून कमी जणींना वाटलं.

आत्ता घेत नाही. मागणी वहीत राहील.

४ मार्च

छापील लेबलं लागली, एका खाटेला. काय पाहायचं ते आधी लिहून ठेवलं, नाहीतर आपल्याला हवं तेच दिसतं. पहिलं: हँडओव्हरला 'नॉरअॅड कुठल्या तोंडाला?' असं विचारल्यावर बोट ठेवायला किती वेळ लागतो. दुसरं: बोट बरोबर पडलं का. तिसरं: लेबल लावण्यात किती वेळ जातो. तिसरं मुद्दाम घेतलं. रुग्ण आत येतानाच्या धावपळीत आपण अजून एक काम वाढवतोय, ते परवडतं का हेही कळायला हवं.

नैतिकता समितीकडे विचारणा केली होती. त्यांचं उत्तर: नेहमीच्या सेवेतली गुणवत्ता सुधारणा आहे, रुग्णाची ओळख कुठेही नोंदवू नका, बाहेर प्रसिद्ध करायचं ठरलं तर आधी या.

७ मार्च

रात्रपाळीचे शेरे. झेंडा फिरतो आणि अक्षरं गादीकडे तोंड करून बसतात. उपाय सोपा: नाव दोन्ही बाजूंना छापायचं. हे टेबलावर बसून आम्हाला सुचलं नव्हतं. टेबलावर नळी फिरत नाही.

९ मार्च

चाचणी थांबवली.

सकाळी रुग्णाला कुशीवर वळवताना दंडाच्या आतल्या बाजूला लाल ओरखडा दिसला, लेबलाच्या कोपऱ्याच्या आकाराचा. दाबल्यावर पांढरा झाला, म्हणजे तिथला रक्तपुरवठा शाबूत होता. तासाभरानं पाहिलं तर गेलाही होता. पण अंगाला सूज, रक्तदाबाची औषधं चालू, स्वतःहून हलता येत नाही. अशा रुग्णाला उपकरणामुळे दाबव्रण व्हायला वेळ लागत नाही. ऑक्सिजनच्या नळीनं कानामागे होतात तसेच. नोंद घटना-पुस्तकात केली, डॉक्टरांना आणि नातेवाइकांना सांगितलं. नातेवाईक शांतपणे म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत."

कोपरे गोल करायचे, रुग्णाजवळचं लेबल मान आणि खांद्याच्या वर, उशीच्या बाजूला राहील असं लावायचं, आणि दर वेळी कूस बदलताना त्वचेबरोबर लेबलाची जागाही पाहायची. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांनी पुन्हा पाहिल्यावरच पुढे.

१७ मार्च

बायोमेडिकलच्या तरुण इंजिनिअरनी आपणहून एक वस्तू आणली. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली कंगव्यासारखी पट्टी. प्रत्येक खाचेत एक नळी, म्हणजे गुंताच होणार नाही. दिसायला फार छान. मुलींनी फोटो काढले. परिचारिकांना अशा वस्तू बनवण्याची जागा वॉर्डाजवळच मिळावी म्हणून अमेरिकेत एमआयटीतल्या लोकांनी २०१३ साली मेकरनर्स हा उपक्रम सुरू केला आणि २०१५ मध्ये गॅल्व्हेस्टनच्या विद्यापीठ रुग्णालयात तशी कार्यशाळाही उघडली, ही माहिती त्यांच्याकडूनच मिळाली.

मग आम्ही प्रश्न विचारले. खाच अरुंद पडली आणि नळी दाबली गेली तर? कमी वेगानं जाणाऱ्या औषधात पंपाची 'अडथळा' सूचना उशिरा वाजते, आणि अडथळा सुटल्यावर दाबून राहिलेलं औषध एकदम आत जातं. ज्यातून सुटायचं तेच. शिवाय प्रिंटरच्या थरांमधल्या फटी स्वच्छ होत नाहीत, आणि साधं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करणं) विसराच. ते जरा हिरमुसले. मी म्हटलं, "भाऊ, वस्तू राहू दे, तुमचं डोकं आम्हाला द्या. पंपांकडे बघा."

त्यांनी स्टँडकडे थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे पंप वर-खाली कसे लावायचे, याचा काही नियम आहे का?"

नव्हता. जो पंप हाताला लागेल तो मोकळ्या जागी.

२० मार्च

पंपांचा क्रम ठरवला. सगळ्यात वर रक्तदाबाची औषधं, त्याखाली झोपेची आणि वेदनेची, मग इन्शुलिन, सगळ्यात खाली साधी सलाईन. तोंडांचाही क्रम ठरवला. रक्तदाबाच्या औषधांचं तोंड कायम एकच आणि त्यातून दुसरं काहीही द्यायचं नाही. नळ्या सोडताना याच क्रमानं, वरून खाली, रुग्णाच्या एकाच बाजूनं.

यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही. खरं सांगायचं तर लेबलांपेक्षा याचाच परिणाम जास्त दिसतोय. क्रम माहीत असला की डोळा आधी बरोबर जागी जातो आणि लेबल खात्री करून देतं. इंजिनिअरना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, याला प्रकल्प कसं म्हणायचं, दाखवायला तर काहीच नाही. तेही बरोबरच आहे. बक्षिसं कंगव्याला मिळतात.

२८ मार्च

गोल कोपऱ्यांची लेबलं परत आली, आता निम्म्या खाटांवर. ओरखडा पुन्हा दिसलेला नाही. लावण्याचा वेळ सुरुवातीला खटकत होता, म्हणून मावशींनी सुचवलं की सेंट्रल लाइनचा ट्रे भरताना लेबलांची पट्टीही त्यातच ठेवावी. ट्रे त्याच भरतात, कुणाला काय शोधत फिरावं लागतं ते त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक. तेव्हापासून कुरकुर बंद.

एका जुन्या सिस्टरांचा आक्षेप मात्र नोंदवण्यासारखा आहे. लेबल आलं की मुली नळीचा माग काढणं सोडतील. लेबल चुकीच्या नळीवर लागलं तर? आक्षेप शंभर टक्के मान्य. नियमात तसं घातलं: लेबल वाचून थांबायचं नाही, चिमटीत नळी धरून दुसऱ्या टोकापर्यंत जायचंच, आणि दोन्ही लेबलं जुळली तरच औषध. हँडओव्हरला हे दोघींनी मिळून करायचं, एकीनं बोट सरकवायचं, दुसरीनं मोठ्यानं वाचायचं. हे वाक्य त्याच सिस्टरांकडून लिहून घेतलं.

५ एप्रिल

आज खरी परीक्षा झाली. आमच्याकडे माणूस कमी होता म्हणून स्त्री शस्त्रक्रिया वॉर्डातून एक सिस्टर उसन्या आल्या. अतिदक्षता विभागाची सवय नाही, आमच्या क्रमाबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. मुद्दाम सांगितलंही नाही, फक्त मी शेजारी उभी राहिले. हँडओव्हर झाल्यावर विचारलं, "सिस्टर, अँटिबायोटिक द्यायचंय, कुठून द्याल?"

त्यांनी आधी पंपांकडे पाहिलं, मग मानेजवळच्या लेबलांकडे. एक तोंड सोडून दिलं. दुसऱ्या तोंडाची नळी हातात घेतली, तिचं लेबल मोठ्यानं वाचलं, बोटं सरकवत पंपापर्यंत गेल्या, तिथलं लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "इथून देते. पण यात पोटॅशियम चालू आहे, चालेल ना दोन्ही एकत्र? फार्मसीला विचारू?"

आमच्यापैकी कुणीही विचारला असता त्याहून चांगला प्रश्न. विसंगत औषधांचा तक्ता आमच्या कपाटाच्या दारावर आत चिकटवलेला आहे, दार उघडलं तरच दिसतो. तो आजच बाहेर लावला.

त्यांनी पुढे विचारलं, रक्तदाबाच्या औषधांच्या लेबलावर 'यातून काहीही देऊ नका' असं का लिहीत नाही? आम्हाला ते पाठ आहे म्हणून आम्ही लिहिलं नव्हतं. पुढच्या छपाईत येईल.

१५ एप्रिल

कार्यपद्धतीचा कागद मेट्रन मॅडमकडे गेला. एकच पान. तयार करणाऱ्यांच्या नावांत सगळ्या पाळ्यांच्या सिस्टर आणि ब्रदर, संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर, इंजिनिअर, मावशी, आणि शस्त्रक्रिया वॉर्डाच्या त्या सिस्टर. 'मावशींचं नाव कशाला' असं कार्यालयातून विचारलं गेलं. ट्रेबद्दलची ओळ दाखवली. नाव राहिलं.

स्टोअरनं लेबलं नेहमीच्या मागणीपत्रात घातली, हे सह्यांपेक्षा महत्त्वाचं. नाहीतर पहिला गठ्ठा संपला की लोक परत मायक्रोपोरवर येणार.

डायलिसिस विभागानं कागद मागितला आहे. दिला, पण सांगितलं की आमचा क्रम तुमच्या यंत्रांना लागू पडणार नाही. त्यांनी आधी स्वतःची वही ठेवावी. त्या सिस्टर म्हणाल्या, वहीत लोक लिहितील का? आमच्या वहीचं पहिलं पान झेरॉक्स करून दिलं, नावं नाहीतच त्यात.

अजून बाकी: बेलचं बटण न दाबता येणाऱ्या रुग्णांची वाटी-चमच्याची ओळ तशीच आहे. बायोमेडिकलकडे तळहातानं किंवा गालानं दाबता येईल असं मोठं, मऊ बटण मागितलंय. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची झोप त्या चमच्यानं मोडते, हेही कुणीतरी वहीत खाली लिहिलंय. पुढचा तास त्याचा.